परवाना साऱ्या देशाचा, नोटीस एका लिपीची

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा मागे पडतो, बाची येते आणि लगेच शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मध्ये भिंत नाही की कुंपण नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांची लिपी बदलते, तेवढीच काय ती खूण. पलीकडची माणसे दवाखान्याला आणि बाजाराला बेळगावात येतात, अलीकडची लग्नकार्याला, देवाला आणि सोयरीक जमवायला पलीकडे जातात. दिवसातून दोनदा राज्य बदलणाऱ्या आम्हा सीमावासीयांना आपण परराज्यात गेलो असे कधी वाटतच नाही. ते पहिल्यांदा जाणवते अपघात झाल्यावर.

हे लिहिण्याचे कारण आमच्या घरातच घडले. गावाचे नाव आम्ही देत नाही, ठाण्याचे आणि कार्यालयाचेही देत नाही. आम्हाला कुणा एका कार्यालयाशी भांडायचे नाही. शिवाय पहिली चूक आमच्याच माणसाची होती, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमचे थोरले चुलतभाऊ, सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. वीस वर्षे भाजीचा टेम्पो चालवत आले. टेम्पो मालकाचा, हात अण्णांचे. पहाटे तीनला बांधावरून कोबी, मिरची, बटाटा भरायचा आणि उजाडायच्या आत बाजारात उतरवायचा. जमीन सव्वा एकर, तीही कोरडवाहू. तेव्हा परवाना हेच त्यांचे खरे शेत.

२०२१ साली अण्णांनी घरच्यांसाठी एक जुनी मोटार घेतली. कोल्हापूरकडच्या गृहस्थाची, नंबर एमएच ०९ चा. पैसे दिले, किल्ली घेतली, सहीचे कोरे फॉर्म घेतले आणि कपाटात ठेवले. गाडी नावावर करायची तर तिकडून ना हरकत दाखला आणायचा, इकडे नव्याने नोंदणी करायची आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरायचा. "करू की सावकाश," असे म्हणत दोन वर्षे गेली. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवली तर ती येथे नोंदवलीच पाहिजे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. सीमेवरच्या प्रत्येक गावात अशा किती गाड्या उभ्या आहेत, हे वाचकांनी आपल्याच गल्लीत पाहून घ्यावे.

२०२३ च्या मे महिन्यात लग्नाहून परतताना, महाराष्ट्राच्या हद्दीत, एका वळणावर अण्णांनी पुढच्या ट्रकला मागे टाकायला गाडी बाहेर काढली. समोरून एक तरुण कारखान्यातली पाळी संपवून मोटारसायकलीने घरी चालला होता. धडक बसली. पोराचा पाय दोन ठिकाणी मोडला. अण्णा पळाले नाहीत. दुसरी गाडी थांबवून त्याला बेळगावच्या दवाखान्यात पोचवले आणि त्याच रात्री पलीकडच्या ठाण्यात जाऊन हजर झाले. जखमीला उपचार मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना वर्दी देणे ही चालकाची जबाबदारी कायद्याच्या कलम १३४ मध्ये लिहिलेली आहे. अण्णांनी ते कलम वाचलेले नव्हते, माणुसकी म्हणून केले. पुढे कळले की त्या तरुणाची आत्या आमच्या शेजारच्याच गावात दिलेली आहे.

ठाण्यात सारे मराठीत चालले. पंचनामा मराठीत, जबाब मराठीत. मग अंमलदारांनी विमा मागितला. गाडीत जो कागद सापडला त्याची मुदत जानेवारीतच संपली होती. नूतनीकरणाचे संदेश येत होते, पण ते जुन्या मालकाच्या फोनवर. त्याने ते पुसून टाकले. गाडी विकली, आता आपला काय संबंध, असे त्याला वाटले.

विमा नाही, म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे एक समज आहे की विमा नसताना अपघात झाला तर परवाना आपोआप जातो. दुसरा समज याच्या अगदी उलट, की विमा नसला तर दोन हजार दंड भरला म्हणजे सुटका. दोन्ही समज खोटे आहेत आणि दोन्हींपायी माणसे बुडतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १४६ प्रमाणे त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा, ज्याला सारे थर्ड पार्टी म्हणतात, तो असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणली तर कलम १९६ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड ४,००० रुपये. एवढ्या एका कारणासाठी परवाना निलंबित होत नाही.

पण ही झाली सरकारची शिक्षा. मोडलेल्या पायाचे काय? विमा असता तर भरपाई कंपनीने दिली असती. तो नाही म्हणून ती मालकाने आणि चालकाने खिशातून द्यायची. जखमीला दावा लावायला आपल्या गावी यावे लागत नाही. तो जिथे राहतो तिथल्या, अपघात जिथे झाला तिथल्या किंवा गाडीवाला जिथे राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो अर्ज करू शकतो. निकालाची रक्कम भरली नाही तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. जिल्हा वेगळा, राज्य वेगळे, म्हणून सुटका नाही. एका जिल्ह्याची वसुली दुसऱ्या जिल्ह्यात करण्याचा कायदा इंग्रजांनी १८९० सालीच करून ठेवला आहे. तेव्हा महाराष्ट्रातल्या अपघाताचा बोजा कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, म्हणजे आपल्या उताऱ्यावर, येऊ शकतो.

जुना मालकही सुटत नाही. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. कोल्हापूरकडच्या त्या गृहस्थाला न्यायाधिकरणाची नोटीस गेली तेव्हा तो अण्णांच्या दारात येऊन बसला आणि खुर्चीवरून उठेना. त्याचे काय चुकले होते? आमच्यासारखेच त्यानेही "करू की" म्हटले होते.

आणि गाडी? विमा नसलेली अपघातातली गाडी मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये, आणि तीन महिन्यांत ते दिले नाही तर तिचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सर्व राज्यांना सांगितले. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या नियमांतही तशी तरतूद आली. अण्णांची मोटार ठाण्याच्या आवारात पावसाळाभर गंजत उभी होती.

पावती म्हणजे परवाना नव्हे

आता परवान्याकडे वळू. अण्णांचा परवाना गेला तो विमा नसल्याबद्दल नव्हे. वळणावर ओव्हरटेक करणे हे धोकादायक वाहन चालवणे, म्हणजे कलम १८४. या कलमाखाली गुन्हा झाला असे पोलिसांना वाटले तर ते कलम २०६ प्रमाणे परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. मद्यपान, बेफाम वेग, शर्यत यांनाही हेच लागू आहे. परवाना निलंबित करण्याचा किंवा चालकाला अपात्र ठरवण्याचा अधिकार मात्र पोलिसांना नाही. तो परवाना अधिकाऱ्याचा, म्हणजे आरटीओचा. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. अधिकाऱ्यानेही आधी चालकाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ऐकल्यावर तो चालकाला मोकळा करू शकतो किंवा पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्या आदेशाविरुद्ध, आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

परवाना देशभर चालतो, असे कलम १३ म्हणते. म्हणून आपण बेळगावचा परवाना घेऊन गोव्यात, कोल्हापुरात, थेट दिल्लीत गाडी चालवतो. पण जो परवाना देशभर चालतो तो गेलाही तर देशभर जातो. पलीकडे घडले ते पलीकडेच राहील, ही समजूत आता सोडून द्यावी. परवान्यांच्या आणि गाड्यांच्या नोंदी जवळजवळ साऱ्या देशाच्या एकाच संगणक व्यवस्थेत आहेत.

ठाण्यात परवाना घेतला तेव्हा अण्णांना पोच म्हणून पावती मिळाली. ती त्यांनी पाकिटात घडी करून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोवर गेले. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "पावती दिलीय की साहेबांनी. चालवायला काय हरकत?" आम्हालाही ते पटले. लिहिण्यावाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या आम्हाला पटले, हे सांगताना शरम वाटते. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की ही पोच म्हणजे गाडी चालवण्याची परवानगी नव्हे.

कॅलेंडरमागचा कागद

जून महिन्यात पोस्टमनने एक लखोटा आणून दिला. आमच्या बाजूच्या परिवहन कार्यालयाचा. आतला कागद पूर्ण कन्नडमध्ये. वहिनी म्हणाल्या, "सरकारी कागद आलाय, कानडीत हाय. पंचायतीत दाखवून आणतो म्हणाले हे." पेरणीचे दिवस होते. पंचायतीत जाणे राहिले आणि कागद भिंतीवरच्या कॅलेंडरमागे गेला. जुलैअखेर दुसरा लखोटा आला. तोही तसाच, तिथेच गेला.

पहिला कागद सुनावणीचा होता. दुसरा तीन महिन्यांच्या अपात्रतेचा आदेश होता.

ऑगस्टच्या शेवटी बाजाराच्या रस्त्यावर तपासणी झाली. परवाना अपात्र असताना गाडी चालवली म्हणून कलम १८२ लागले: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. अण्णांना दंडावर सोडले. टेम्पोच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याला दोष कसा द्यावा? त्या दिवशी टेम्पोखाली कुणी आले असते तर विमा कंपनीने जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करायला कमी केले नसते. त्या रात्री कॅलेंडरमागचे कागद काढले तेव्हा अपिलाचे ३० दिवस संपून चार दिवस झाले होते.

सुनावणीला अण्णा गेले असते तर परवाना वाचला असता का? सांगता येत नाही. वळणावर गाडी त्यांनी बाहेर काढली होती, हे खरेच आहे. पण वीस वर्षांत एकही गुन्हा नाही, जखमीला स्वतः दवाखान्यात नेले, स्वतः हजर झाले, हे सांगायची जी एक जागा होती ती गेली. आणि निदान आपण अपात्र आहोत एवढे कळले असते तर त्यांनी टेम्पोला हात लावला नसता. तीन महिन्यांची शिक्षा वीस वर्षांच्या कामावर बेतली नसती.

भाषेचे कारण आणि भाषेचे निमित्त

येथे आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करू इच्छितो.

विम्याची मुदत संपली याला भाषा कारण नाही. गाडी नावावर केली नाही यालाही नाही. त्या पॉलिसीवरचे आकडे कुणालाही वाचता आले असते. सीमाभागातल्या प्रत्येक अडचणीला भाषेचे निमित्त पुढे करायची सवय आपल्याला लागली असेल तर ती मोडली पाहिजे.

परंतु सुनावणीची नोटीस न समजणे, ही गोष्ट निराळी आहे. सुनावणीचा हक्क कायद्याने दिला आहे. ज्या कागदावरून तो हक्क कळायचा तोच वाचता येत नसेल तर हक्क कागदावरच राहतो. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणे ठरवली. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत असे मान्य झाले की ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के तरी लोक असतील तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी भाषक १५ टक्क्यांहून किती तरी अधिक आहेत. सीमाप्रश्न कुणाच्या बाजूने सुटायचा तो सुटो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण सुनावणीची तारीख माणसाला कळावी, याचा नकाशाशी काय संबंध?

हे आम्ही केवळ मराठी माणसासाठी मागत नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड भाषक चालकाला मराठीत नोटीस आली तर त्याचीही हीच गत होते. त्याच्या घरीही कॅलेंडर असते. दोन्ही सरकारांनी आपापल्या सीमेवरच्या कार्यालयांतून अशा नोटिशीच्या पाठीमागे दुसऱ्या भाषेत चार ओळी छापल्या तरी पुरे: कशाबद्दल, कुठे, किती तारखेला, आणि नाही आलात तर काय.

तोवर आपण काय करावे

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हातातले सांगतो.

पहिले, विम्याची तारीख. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. यामुळे झाले असे की माणूस विमा विसरतो. २०२० साली घेतलेल्या दुचाकीचा विमा २०२५ मध्ये संपला, हे कितीजणांच्या ध्यानात आले? घरातल्या प्रत्येक गाडीची तारीख आज रात्री पाहा. मोबाइलवर एम-परिवहनमध्ये गाडीचा नंबर घातला की तीही दिसते.

दुसरे, जुनी गाडी घेतली तर ती नावावर करा आणि विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवा. आपला मोबाइल नंबर नोंदवा. गाडी विकली असेल तर ती समोरच्याच्या नावावर झाल्याची खात्री करा. कोरे फॉर्म सही करून देणे म्हणजे पुढच्या अपघाताची जबाबदारी सही करून घेणे.

तिसरे, परवाना पोलिसांनी घेतला तर तो परत हाती येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. पावती म्हणजे परवाना नव्हे.

चौथे, सरकारी लखोटा आला की त्यावर तो मिळाल्याची तारीख पेन्सिलीने लिहा आणि त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. मुदत कागद मिळाल्यापासून मोजतात, समजल्यापासून नव्हे.

पाचवे आणि महत्त्वाचे. नोटीस कन्नडमध्ये आली तरी गाऱ्हाणे कन्नडमध्येच मांडले पाहिजे असे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. तेव्हा आपले म्हणणे मराठीत लिहा, दोन प्रती काढा, एका प्रतीवर शिक्का घ्या. "मला ही नोटीस वाचता येत नाही, भाषांतर द्यावे व सुनावणीस पुढची तारीख द्यावी" एवढे एक वाक्य मुदतीत दिले तरी आपण गप्प बसलो नाही याचा पुरावा राहतो. खटला चालला आणि साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, अशीही तरतूद फौजदारी कायद्यात आहे. ती मागावी लागते.

त्या तरुणाचा दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला. अण्णांनी दोन म्हशी विकल्या, वहिनींच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या, जुन्या मालकानेही थोडा वाटा उचलला. पोरगा आता चालतो, पण पाय ओढत. लोकअदालतीच्या दारात अण्णा त्याच्या आईच्या पाया पडायला वाकले, तर तिने त्यांना धरून उभे केले आणि नुसते "ऱ्हाऊ दे" म्हणाली. अण्णांना परवाना परत मिळाला. टेम्पो मात्र मिळाला नाही. आता ते मिळेल त्या गाडीवर रोजाने जातात.

एक गोष्ट सांगायची राहिली. ऑगस्टमध्ये ज्या रात्री कॅलेंडरमागचे कागद काढले तेव्हा ते वाचायला कोण मिळेल म्हणून आम्ही फोन फिरवत होतो. अण्णांची धाकटी मुलगी तेव्हा आठवीत होती. मराठी शाळेतच शिकते, पण कन्नड विषय तिला आहे. तिने दिव्याखाली कागद धरला आणि बोट फिरवत सावकाश वाचून दाखवला. मग म्हणाली, "बाबा, ह्यात सुनावणीची तारीख हाय. होऊन गेली की."

दोन महिने तो कागद तिच्या अभ्यासाच्या जागेपासून चार हातांवर टांगलेला होता. कुणी तिला विचारलेच नव्हते.